पांढरे बाण

भोसरीत आमच्या ओळीत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे वडील गाडी जोरात चालवायचे. पहिल्या शिफ्टची वेळ आणि कंपनीच्या फाटकावरचा रखवालदार यांच्यापुढे त्यांना दुसरा इलाज नव्हता. माझे वडील मात्र गाडी हळू चालवण्याबद्दल प्रसिद्ध होते. माणूस चालतो त्याहूनही हळू. दारातल्या कपडे धुण्याच्या दगडावर पुढचं चाक चढवून, पाय न टेकता, ते गाडी जागच्या जागी उभी धरत, पाण्याच्या रांगेतल्या कुणाला तरी घरचं विचारत, उत्तर पूर्ण ऐकून घेत आणि मगच दगडावरून खाली उतरत. रांगेतल्या बायका हंडे खाली ठेवून बघायच्या. आई आतून म्हणायची, "झाला का खेळ? डबा राहिलाय इथं."

हे प्रकरण मी बरेच दिवस पुढे ढकलत आले. कामं क्रमाने उरकायची मला सवय आहे. चाकणच्या एका कारखान्यात मालाच्या ट्रकांचं वेळापत्रक लावण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हाही मी तसाच क्रम लावला. शाळा लिहून झाली, चाळ झाली, आईकडची माणसं झाली. हे एवढंच राहिलं होतं. आज रविवार आहे, घर आवरून झालं आहे, दुपारपर्यंत कुणी येणार नाही. लिहून टाकते.

आमच्या दोन खोल्या औद्योगिक वसाहतीच्या अगदी कडेला होत्या. वर पत्रा, आणि मागच्या भिंतीला भिंत लावून एक वर्कशॉप. तिथला पॉवर प्रेस दिवसभर एका लयीत आदळत असायचा. त्याच्या प्रत्येक ठोक्याला फडताळातले पेले हलकेच किणकिणायचे. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे. प्रेस थांबला की मात्र आम्ही तिघंही मान वर करायचो आणि एकमेकांकडे बघायचो. बाहेरून आलेला पाहुणा आवाजाने दचकायचा आणि आम्ही शांततेने. अप्पा दुसऱ्या एका वर्कशॉपच्या टूलरूममध्ये ग्राइंडिंगवर होते. त्यांच्या शर्टाला यंत्रावर सोडतात त्या कूलंटचा गोडसर वास यायचा आणि तो कितीही धुतला तरी जात नसे. आई आणि ते लातूरकडून आलेले. त्यामुळे आमच्याकडे येसराची आमटी व्हायची, ज्वारीच्या भाकरीबरोबर कच्चा कांदा बुक्कीने फोडला जायचा, आणि चाकणच्या बाजारातून अप्पा कांद्याची अर्धी गोणी गाडीला बांधून आणायचे, तेव्हा आई ती आधी हाताने चाचपून बघायची आणि मगच आत घ्यायची. ज्या रविवारी ट्रायल असेल त्या दिवशी पहाटेच धपाट्यांचा वास यायचा. कोथिंबीर, तीळ, लसूण घातलेले धपाटे, घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. एवढा डबा तिघांना पुरून अप्पांच्या मित्राला, शिवरामकाकांना, उरायचा.

ट्रायल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता आमच्या भागातसुद्धा ते फारसं कुणाला ठाऊक नाही. ती शर्यत नसते. मोशीच्या बाजूला एक बंद पडलेली दगडाची खाण होती, तिच्यात दोऱ्या बांधून आठ-दहा टप्पे आखलेले असत. कुठे कातळाची पायरी, कुठे झिरपणाऱ्या पाण्याची घळ, कुठे सुट्ट्या खडीचा चढ. एकेकाने एकेक टप्पा मोटारसायकलवरून पार करायचा. वेग कुणी मोजत नाही. पाय किती वेळा टेकला ते मोजतात. एकदाही टेकला नाही तर शून्य, आणि शून्य सगळ्यांत चांगलं. एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन. तीनदा टेकला तर तीन, आणि त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीनच. पण गाडी पडली, इंजिन बंद पडलं, दगडांवर रंगवलेल्या बाणांच्या बाहेर गेली किंवा दुसऱ्या कुणाचा गाडीला अथवा चालवणाऱ्याला हात लागला, की पाच. पाच म्हणजे तो टप्पा गेला. टप्प्याच्या तोंडाशी एक पंच उभा असायचा. त्याचं तोंड शेवटी एकदाच उघडायचं, आकडा सांगायला.

सगळी मंडळी कामगार होती. फिटर, टर्नर, वेल्डर. गाड्या त्यांनी भंगारातल्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींपासून स्वतः बनवलेल्या. सीट काढून टाकायची, मागचं दाताचं चक्र मोठं बसवायचं, चाकातली हवा जवळजवळ सोडून द्यायची. टप्पे आखायचे लेले सर. ते एका औद्योगिक शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना स्वतःला गाडी अजिबात चालवता येत नव्हती. हातात रंगाचे डबे घेऊन ते आदल्या दिवशी खाणीत उतरायचे आणि दगडांवर बाण काढायचे. टप्पा सगळ्यांना एकच, दगड तेच, पण वाट बाणांच्या रंगाप्रमाणे वेगळी. तांबडे बाण पक्क्यांचे, ते सरळ पायरीवरून जायचे. निळे मधल्यांचे. पांढरे नवशिक्यांचे, ते पायरीला वळसा घालून जायचे.

हे झाले कसबाचे वर्ग. शिवाय वयाचे दोन. सोळाच्या आतल्या मुलांचा कुमार वर्ग, त्यांचे टप्पे वेगळे, वरच्या सपाटीवर. आणि चाळिशीपुढच्यांचा, त्यांनी नवशिक्यांच्याच पांढऱ्या बाणांनी जायचं. मुलींचा वेगळा वर्ग नव्हता. माझ्या वेळी तो प्रश्न निघाला तेव्हा सर म्हणाले, "दगडाला काय कळतंय?" आणि मी कुमार वर्गात आले.

सकाळी चहा झाला की सर एकेकाच्या हातात त्याच्या वर्गाच्या रंगाची कापडी फीत ठेवायचे. ती दंडाला बांधायची. आपला वर्ग आपण मागायचा नाही, विचारायचा नाही, मिळाला त्यावर बोलायचं नाही, असा रिवाज होता. वर चढवायचं ते सर ठरवणार. खाली उतरायची सोयच ठेवलेली नव्हती. हातात आलेलं कसब जात नाही, गेलं तर ते वयानेच जातं, अशी त्या सगळ्यांची पक्की समजूत होती, आणि वयासाठी चाळिशीचा वर्ग होताच. यंत्र झिजतं आणि माणूस म्हातारा होतो, एवढे दोनच प्रकार या कारागीर मंडळींना माहीत होते. तिसरंही काही असू शकतं, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

अप्पांच्या दंडाला तांबडी फीत असायची. माझ्या आठवणीत दुसरी कुठली नव्हतीच. ट्रायल संपल्यावर ते ती घडी घालून परत द्यायचे, तरी पुढचा आठवडाभर मला त्यांच्या दंडावर ती दिसायची. मला शिकवताना त्यांचं बोलणं फार कमी. "जिथं जायचंय तिथं बघ, माय," एवढंच. ते मला माय म्हणायचे, आमच्याकडे लेकीला म्हणतातच तसं. "चाकाकडं बघू नको. दगडाकडं बघू नको. बघशील तिकडं गाडी जाती." मी दगडाकडेच बघायचे आणि दगडावरच जायचे. ते गाडी उभी करून द्यायचे आणि म्हणायचे, "दगड आवडला दिसतोय तुला."

पहिल्यांदा लक्षात आलं ते आईच्या, आणि तेही आवाजावरून. अप्पा कामावरून परतताना ओळीच्या तोंडापासून त्यांची पावलं ओळखू यायची. एका पावसाळ्यानंतर त्यात एक घासल्याचा आवाज मिसळला. टप्, सर्र. टप्, सर्र. आईने त्यांच्या चपला उलट्या करून बघितल्या. डावीचा अंगठ्याकडचा भाग पार गेला होता, उजवी जवळजवळ नवी होती. "एकाच पायानं चालता का काय?" ती म्हणाली. अप्पा म्हणाले, "डाव्याला आळस आलाय." मग घरात चालता चालता डावी चप्पल मागेच राहायला लागली. ते दोन पावलं पुढे जायचे, थांबायचे, वळून तिच्याकडे बघायचे. दवाखान्यात मणक्याचं काहीतरी सांगितलं, शक्तीची इंजेक्शनं झाली, कंबरेला पट्टा आला. पट्टा बांधून ते कामावर जात राहिले.

खाणीत ते तांबड्या बाणांनीच जात होते, कारण दुसरीकडे जायची वाटच नव्हती. कुमारांचे टप्पे लवकर उरकायचे, आणि मग आम्हा मुलांना पंचांच्या हाताखाली कार्ड लिहायला बसवत. मी लिहायची. ज्या पायरीवरून अप्पा शून्यात जायचे तिथे आधी एक आला, मग तीन, मग पाच. डाव्या बाजूचं वळण आलं की पाच. दुसरे पडले की मंडळी मोठ्याने हसायची, चेष्टा करायची, "राव, झोपायची जागा बरी शोधली," असं म्हणायची. अप्पा पडले की कुणी हसेना. मला ते हसणं हवंसं वाटायला लागलं.

एका संध्याकाळी शिवरामकाका घरी आले. ते मोशीचेच, खाणीची जमीन त्यांच्या भावकीची. अप्पांच्याच वर्कशॉपमध्ये लेथवर होते, आणि खाणीत नेहमीचे पंच. दारात बसता बसताच म्हणाले, "वैनी, च्या टाका. साकर जरा सढळ हातानं." चहा येईपर्यंत कांद्याच्या भावाचं बोलणं झालं. मग बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं, "भगवान, तुजं वय काय रं?"

"अडतीस. कामून?"

"कोन म्हनतं अडतीस?"

"दाखला म्हणतो."

"दाखला कुनी लिवला? मास्तरनं. एक जून ना तुजी तारीख?"

"एक जून."

"माजी बी एक जून. माज्या थोरल्याची बी एक जून. आमच्या आळीतली समदी एक जूनचीच हायती. आता एकाच दिशी एवढी पोरं झाली म्हनायची व्हय?"

आई आतून म्हणाली, "सुईणीचं काही खरं नव्हतं म्हणायचं त्या दिवशी."

सगळे हसले. अप्पाही हसले. शिवरामकाका हसत हसतच पुढे म्हणाले, "म्हनून म्हनतो. मास्तरनं तुला दोन वर्सं ल्हान लिवला आसंल. तू चाळिशी कवाच वलांडलीस. सर बी तेच म्हनले."

"सर म्हणले?"

"व्हय. म्हनले, भगवानराव सांगतील ते वय धरू. कागुद मागनार न्हाई."

अप्पांचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. मागचा प्रेस चालू होता आणि फडताळातले पेले वाजत होते. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे सगळ्यांनी बघितलंय."

शिवरामकाकांनी बशी तोंडाला लावली. बशीत चहा नव्हता, तो केव्हाच संपला होता. तरी त्यांनी ती पूर्ण उपडी होईपर्यंत लावून धरली.

"बरं," अप्पा म्हणाले. "लावा दोन वर्षं. विचारायला माझी आई काही आता नाही."

काका गेले तेव्हा आई चुलीशीच होती. भाकऱ्या थापत होती. शेवटची तव्यावर टाकताना म्हणाली, "वय कुणी असं देऊन टाकतं का? दोन वर्षं म्हणजे काय थोडी झाली?" अप्पा म्हणाले, "कागदावरचीच आहेत की." ती म्हणाली, "कागदावरची असली म्हणून काय झालं?"

या दोन वर्षांचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ते खोटं प्रेमातून आलेलं होतं, आणि तेवढ्या जवळच्या माणसांनाच सुचलं असतं. खाली उतरायची वाट रिवाजात नव्हती, तर त्यांनी रिवाज न मोडता माणसालाच म्हातारं केलं. आजारी आहेस हे म्हणायची त्यांना हिंमत झाली नाही. त्या वेळी ते कुणाला माहीतही नव्हतं, पण दिसत सगळ्यांना होतं.

पुढची ट्रायल आली तोवर मी सोळा पूर्ण केली होती. सकाळी धुकं होतं. खाणीच्या तळाशी शेकोटी पेटवून मंडळी चहा पीत होती. सर फिती वाटत माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या हातात पांढरी फीत ठेवली. वयाच्या वर्गातून मी कसबाच्या वर्गात आले होते. मोठ्यांच्या टप्प्यांत उतरण्याची मी कितीतरी दिवस वाट बघितली होती. मी मान वर केली तेव्हा सर अप्पांसमोर उभे होते. त्यांनी फीत दिली, दुसऱ्या हाताने अप्पांचा दंड क्षणभर धरला आणि पुढे गेले. तीही पांढरीच, फक्त कडेला काळा दोरा घातलेली. अप्पांनी ती बांधायला माझ्यापुढे दंड केला, कारण एका हाताने गाठ मारणं त्यांना आता जमत नव्हतं. मी गाठ मारली. ते म्हणाले, "एकाच वाटेनं जायचंय आज आपल्याला."

आई वर कठड्याशी डबा घेऊन बसली होती. एरवी ती कधी खाणीच्या तोंडाशी यायची नाही.

पहिले काही टप्पे बरे गेले. पांढरे बाण सोपे होते, आणि अप्पांची नजर आणि गाडीचा अंदाज तोच होता. ते माझ्या पुढे असायचे. घळीच्या टप्प्यावर आम्ही आलो तेव्हा तिथे पंच शिवरामकाका होते. दोन कातळांमधून अरुंद वाट, खाली ओल, मध्ये गुडघाभर उंचीची पायरी. तांबडे बाण सरळ पायरीवर चढत होते. पांढरे तिच्या अलीकडे डावीकडे वळून खडीवरून बाहेर जात होते.

डावीकडे. मी बाण बघितला आणि अप्पांकडे बघितलं. ते वाटेकडे बघत होते.

ते आत शिरले. वळणावर गाडी डावीकडे कलली, डावा पाय खाली गेला आणि दोन दगडांच्या फटीत बसला. तो टेकला नव्हता, नुसता लोंबत जाऊन पडला होता. गाडी कातळाला रेलली आणि पाय मध्ये. इंजिन चालू होतं. अप्पांनी पाय वर घ्यायचा प्रयत्न केला, मांडीपर्यंत जोर आलेला मला दिसला, पण गुडघ्याखाली काहीच हललं नाही. मी दोरीखालून आत धावले.

"हात लावू नको, माय."

"अप्पा, पाय अडकलाय."

"दिसतंय मला. इंजिन चालू आहे. टप्पा चालू आहे."

"असू दे ना पाच."

"बाजूला हो."

मी शिवरामकाकांकडे बघितलं. काका कार्ड छातीशी धरून उभे होते आणि त्यांची मान भलतीकडे वळलेली होती, जणू त्या कातळात त्यांना काहीतरी दिसलं होतं. मी दोन पावलं मागे सरले. अप्पांनी डाव्या हाताने क्लच दाबून धरला, उजवा हात हँडलवरून काढला, विजारीचं कापड गुडघ्यापाशी मुठीत धरलं आणि स्वतःचा पाय उचलला. वर्कशॉपमध्ये एखादा जड भाग उचलून टेबलावर ठेवतात, तसा त्यांनी तो फटीतून काढून दगडावर ठेवला. हात परत हँडलवर गेला. मग उजव्या पायाने ढकलत, डावा नुसता ओढत, ते वीतभर पुढे गेले. थांबले. पुन्हा वीतभर. उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजण्यात अर्थ नव्हता. तीनच्या पुढे मोजत नाहीत. खडीवर चाक दोनदा फिरलं, धूर झाला, आणि शेवटचा पांढरा बाण ओलांडून गाडीचं मागचं चाक बाहेर आलं.

"किती?" अप्पांनी न वळता विचारलं.

"तीन," शिवरामकाका म्हणाले. त्यांनी कार्डावर आकडा लिहिला. मग पुन्हा सांगितलं, "तीन."

मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अप्पांनी नुसतं तिकडे बघितलं आणि टाळ्या थांबल्या. नवशिक्याला तिनासाठी टाळ्या वाजवतात.

मग माझी पाळी होती. मी आत शिरले, बाहेर पडायच्या बाणाकडे बघितलं, एकदाही खाली बघितलं नाही आणि शून्यात गेले. मोठ्यांच्या वर्गातलं माझं पहिलं शून्य. काकांनी आकडा सांगितला. अप्पांनी मान हलवली, चांगलं झालं या अर्थी. मी गाडी त्यांच्या शेजारी उभी केली आणि आम्ही दोघं पुढच्या टप्प्याकडे निघायच्या ऐवजी तिथेच थांबलो. थोड्या वेळाने त्यांनी दंड पुढे केला आणि मी गाठ सोडली.

गाड्या काकांच्या टेम्पोत चढवल्या. घरी जाताना आमची रोजची गाडी मी चालवली आणि अप्पा मागे बसले. आई टेम्पोत पुढे बसून गेली. अप्पा माझ्या मागे बसल्याचा तो पहिलाच प्रसंग. चाकणकडून येणाऱ्या ट्रकांमुळे रस्ता भरलेला होता आणि कांद्याची टरफलं हवेत उडत होती. भोसरी जवळ आली तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले, "सरांनी पांढरे बाण फार विचार करून काढलेत गं. कुठं माणूस दमंल, कुठं त्याला श्वास घ्यायला जागा पाहिजे, सगळं बघितलंय. एवढी वर्षं त्यांच्या शेजारून गेलो. कधी बघितलेच नव्हते."

त्यानंतर ते खाणीत गेले नाहीत. मीही गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं, पण रविवार आता दुसऱ्या कामांना लागायला लागले. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्या आजाराचं खरं नाव सांगितलं. नसांचा आजार, ज्यात एकेक स्नायू ऐकेनासा होतो आणि औषध नाही. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी आधी आईला आणि मला बाहेर बोलावलं. अप्पा आतून म्हणाले, "मलाच सांगा, पाय माझा आहे." घरी आल्यावर मी वहीला रेघा मारून औषधांच्या वेळा, मालिश, जेवण यांचे रकाने पाडले. माझी ती सवय तेव्हाची. ज्याच्यापुढे काही चालत नाही त्याचे निदान रकाने पाडता येतात.

अप्पांनी आपली पद्धत ठेवली. अंथरुणापासून दारापर्यंत त्यांचा टप्पा होता. हाताने भिंत धरली तर एक. फडताळ धरलं तर आणखी एक. पण आम्ही कुणी हात लावायचा नाही. "हात लावला की पाच," असं ते म्हणायचे आणि मी त्यांच्या मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून, एक पाऊल सोडून चालायची. आई चुलीपासून विचारायची, "आज किती?" अप्पा म्हणायचे, "दोन." आई म्हणायची, "कालच्यापेक्षा बरं." तिने आयुष्यात ट्रायलचे नियम विचारले नव्हते, पण एवढा हिशोब तिला पाठ झाला होता. मग रोजच तीन व्हायला लागले, आणि तिने विचारणं सोडून दिलं. शिवरामकाका रविवारी येऊन बसायचे. खाणीत काय झालं ते सांगायचे, कोण कसा पडला त्याची नक्कल करायचे. बोलणं जड झालेले अप्पा हसायचे तेव्हा त्यांचं हसू पूर्वीसारखंच यायचं. ते शेवटपर्यंत गेलं नाही.

दाखल्याच्या हिशोबाने अप्पा चाळीस वर्षांचे झालेच नाहीत. आईला ते फार लागलं. खाणीतल्या मंडळींनी वाढवलेली ती दोन वर्षं कुणीतरी खरीच धरली, असं तिच्या मनात बसलं होतं, आणि ते काढायला मला जमलं नाही. आज मी अप्पांपेक्षा वयाने कितीतरी मोठी आहे. कामावर जाताना मोशीवरून जावं लागतं. खाण राडारोड्याने भरली आणि तिच्यावर आता मोठं गोदाम उभं आहे. आमच्याच कारखान्याचे ट्रक कधी कधी तिथे लागतात आणि त्यांच्या वेळा मीच लावते.

एक दुपार सांगायची राहिली. हिवाळ्यातली. मागच्या वर्कशॉपला जेवणाची सुट्टी झाली होती आणि प्रेस थांबला होता, म्हणून आम्ही तिघांनीही मान वर केली होती. अप्पा म्हणाले, दारात उन्हाला जाऊन बसतो. मी त्यांना उठायला वेळ दिला. ते उभे राहिले आणि भिंतीला धरून निघाले. मी मागे, हात पाठीशी. फडताळापर्यंत आले, त्याची कड धरली आणि तिथे उजवा पायही थांबला. तोवर तो कधी थांबला नव्हता. पेले स्थिर होते. दारातून आलेलं ऊन त्यांच्या पावलांपासून हातभर अंतरावर होतं.

मी वाट बघितली. ते पायाकडे बघत नव्हते, तशी त्यांना सवयच नव्हती. दाराकडे बघत होते. बराच वेळ तसेच दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"पाच लिही, माय," ते म्हणाले.

मला कळलं, तरी मी हलले नाही. आई चुलीपासून उठून उभी राहिली होती.

"लाव हात."

मी पाठीमागचे हात सोडवले आणि त्यांच्या काखेत घातले. त्यांनी फडताळाची कड सोडून दिली. मागचा प्रेस पुन्हा चालू झाला, पेले वाजायला लागले, तरी आम्ही तिथे तसेच उभे होतो.